ब्रेक वाजतायत? आधी ऐकून तर घ्या

सप्रेम नमस्कार,

मी चिपळूणला राहते. माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. त्यानंतर गाडी शिकले आणि आता घरात गाडी मीच चालवते. यांना डोळ्यांचा त्रास आहे, ते शेजारी बसतात. छोटी पेट्रोल गाडी आहे, सहा वर्षांची, ४३ हजार किलोमीटर झालेली. महिन्या-दीड महिन्यातून मुलीकडे कराडला जाणं-येणं असतं, कुंभार्ली घाटातून.

तक्रार अशी की ब्रेक वाजतात. सकाळी गाडी अंगणातून मागे घेताना 'खर्र' करतात, ते दोन-चार मिनिटांत थांबतं. पण बाजारात हलकेच ब्रेक दाबत गेलं की पुढून 'चुंईईई' असा बारीक, कानात घुसणारा आवाज येतो. लोक वळून बघतात. जोरात दाबला तर येत नाही. तीन महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये पुढचे पॅड बदलून घेतले. पंधरा दिवस बरं होतं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजवाल्याने दोन्ही डिस्क आणि कॅलिपर बदला म्हणून साडेचौदा हजारांचा आकडा सांगितला, तोही यांना. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "मॅडम ब्रेक जास्त मारत असतील." शेजारचा मुलगा म्हणतो, काकू, गंजलेले नट सोडवायचा स्प्रे येतो ना, तो चाकात मारा, मिनिटात आवाज बंद. मी गाडी अगदी सांभाळून चालवते. घाट उतरतानासुद्धा चौथ्या गिअरवर, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरते, चाळीसच्या वर जाऊ देत नाही. तरी असं का व्हावं? काय करू?

— एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण

बाई, नमस्कार.

शिक्षिकेला 'मॅडम' म्हणणं मला जमत नाही, तेव्हा बाईच म्हणतो. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ब्रेकच्या आवाजासाठी वाचलं आणि दुसऱ्यांदा शेवटाकडच्या एका ओळीसाठी. त्या ओळीकडे मी येणारच आहे, कारण मला चुंई-चुंईपेक्षा तिची काळजी जास्त वाटते. पण आधी त्या शेजारच्या मुलाला थांबवा. स्प्रे त्याच्या हातात असेल तर काढून घ्या.

त्याचा दोष नाही. करकर वाजलं की वंगण घाला, हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. बैलगाडीचा आख वाजला, वंगण. रहाट वाजला, वंगण. दाराची बिजागरी कुरकुरली, खोबरेल तेलाचे दोन थेंब. पण या सगळ्या वस्तूंचं काम सहज फिरणं हे आहे. ब्रेकचं काम नेमकं उलटं, फिरणारं अडवणं. तिथे घर्षण हा दोष नसून तोच तर माल आहे, ज्याचे आपण पैसे मोजलेत.

साखरप्याला, आंबा घाटाच्या पायथ्याशी, माझं गॅरेज होतं तेव्हाची गोष्ट. एक तरुण लग्नाच्या वरातीला गाडी सजवून नेणार होता आणि ब्रेक वाजतात म्हणून त्याला लाज वाटत होती. त्याने आदल्या रात्री चारही चाकांत तेलकट स्प्रे भरपूर मारला. सकाळी आवाज खरंच गेला. मग गाडी अंगणातल्या उतारावरून खाली आली आणि तो पेडलवर जवळजवळ उभा राहिला, तरी ती सरळ तुळशीवृंदावनात जाऊन थांबली. फुलांची माळ वृंदावनावर, बंपर हातात. गाडी माझ्याकडे आली तेव्हा पॅड, म्हणजे ब्रेक दाबल्यावर फिरत्या चकतीला दोन्हीकडून धरणारे ठोकळे, तेल पिऊन काळे झाले होते. तेल प्यायलेला पॅड धुऊन निघत नाही, तो फेकावाच लागतो. त्याच्या आईला मात्र गाडीचं काहीच नव्हतं, तुळस मोडली याचंच. आणि तेही बरोबरच होतं.

आता तुमचे आवाज. पत्रात तुम्ही दोन आवाज लिहिलेत आणि दोन्ही वेगळे नोंदवलेत. निम्मं निदान तिथेच झालं. गॅरेजला येणारी बहुतेक माणसं 'ब्रेक वाजतात' एवढंच सांगतात. कधी, किती वेगाला, हलक्या पायाला की जड पायाला, पुढे जाताना की मागे येताना, हे विचारलं की वैतागतात.

सकाळचं 'खर्र' सोडून द्या. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ती चकती, बिडाची असते, तुमच्या घावनांच्या तव्याच्याच जातीची. तवा धुऊन ओला ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस थर दिसतो की नाही? चिपळूणच्या पावसाळी हवेत रात्रभर उघड्यावर उभ्या गाडीच्या डिस्कवर तेच होतं. पहिले पाच-सात ब्रेक दाबले की पॅड तो थर खरवडून काढतात आणि आवाज संपतो. पावसाळ्यात आठवडाभर गाडी हललीच नाही तर तो जास्त वेळ येईल. एक मात्र करा, पावसाळ्यात बरेच दिवस गाडी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागच्या चाकांत डिस्कऐवजी डब्यासारखे ड्रम असतात, त्यांच्या आतले लायनर, म्हणजे तिथले पॅडच, गंजाने ड्रमला चिकटतात, मग गाडी सोडवताना 'टण्' आवाज येतो आणि कधी लायनरच उखडून येतो. सपाट जागा बघा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. गिअरमध्ये ठेवलीय हे मात्र पुढच्या वेळी चावी फिरवण्याआधी आठवलं पाहिजे.

बाजारातलं 'चुंई' समजायला तुम्हाला कुठे जायला नको. फळ्याजवळ जा. नवा लांब खडू फळ्यावर सरळ उभा धरून ओढला की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळी पोरं कानात बोटं घालतात. खडू तिथे सरळ घसरत नसतो. चिकटतो, सुटतो, चिकटतो, सुटतो, आणि हे इतक्या भराभर की त्याचा सूर होतो. मग तुम्ही काय करायचात? खडू मोडून अर्धा करायचा, नाहीतर जरा तिरपा धरायचा. फळा तोच, हात तोच, आवाज गायब. तोकडा खडू लांब खडूसारखा थरथरू शकत नाही.

ब्रेकमध्ये तुमचा पॅड म्हणजे खडू आणि डिस्क म्हणजे फळा. हलक्या दाबाखाली, कमी वेगाला, पॅड डिस्कवर चिकटत-सुटत राहतो, सेकंदाला हजार ते काही हजार वेळा. बिडाची डिस्क त्या थरथरीला घंटेसारखी साथ देते. जोरात दाबलं की पॅड घट्ट बसतो, थरथरायला जागाच उरत नाही, म्हणून तेव्हा आवाज येत नाही. ही तुमची नोंद फार मोलाची आहे. झिजलेल्या पॅडचं वागणं असं नसतं.

झिजलेल्या पॅडचा आवाज कसा असतो तेही सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. बऱ्याच पॅडना पोलादाची एक छोटी वाकडी पट्टी लावलेली असते. पॅडचं अस्तर, म्हणजे डिस्कला घासणारा थर, दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती पट्टी डिस्कला टेकते आणि किंचाळते. म्हणजे तो आवाज कुणीतरी विचार करून, मुद्दाम बसवलेला आहे. तो बहुधा गाडी नुसती चालतानाही येतो आणि ब्रेक दाबल्यावर बदलतो किंवा थांबतो, तुमच्या बरोबर उलट. तोही ऐकला नाही तर शेवटी येते ती जाड घरघर, लोखंडावर लोखंड. मग बाजार नाही, कराड नाही, गाडी जागेवर उभी करायची. आणि पुढच्या चाकातून सलग, ब्रेकशी संबंध नसलेलं अचानक किंचाळणं सुरू झालं, तर घाबरण्याआधी गाडी जरा मागे-पुढे करून बघा. डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडी अडकलेली असते. आपल्याकडच्या रस्त्यांवर त्या खडीला तोटा नाही.

मग नवे पॅड घालूनही तुमचा आवाज पंधरा दिवसांत परत का आला? मी चाक काढून पाहिलेलं नाही, पण अशा गाड्या इतक्या उघडल्यात की अंदाज सांगतो. पहिल्या गॅरेजमध्ये फक्त खडू बदलला गेला. पॅड बदलणं हे पाऊण तासाचं काम आहे आणि त्यातलं पॅड बदलणं दहा मिनिटांचं. उरलेला वेळ ज्याच्यासाठी असतो ते बहुतेक ठिकाणी होतच नाही. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, ज्या दोन पिनांवर सरकतो त्या काढून, पुसून, त्यांना रबर न खाणारं सिलिकॉनचं ग्रीस लावायचं असतं. पॅड ज्या खाचांत बसतो तिथल्या पत्र्याच्या क्लिपा तारेच्या ब्रशने घासायच्या असतात. पॅडच्या पाठीला पातळ पत्र्याची पट्टी असते, तिला शिम म्हणतात. ती थरथर जिरवण्यासाठीच असते, आणि जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात जाते तीच सगळ्यात आधी. पाठीला उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पुसट हात द्यायचा, तोंडाला नाही. आणि पॅडच्या दोन्ही कडा कानशीने जरा तिरप्या करायच्या. अनेक चांगल्या पॅडना त्या कारखान्यातूनच तिरप्या येतात. तुम्ही खडू तिरपा धरायचात, त्यातलाच हा प्रकार.

आता त्या दुसऱ्या गॅरेजवाल्याबद्दल. डिस्क बदलायची वेळ कधी येते याची कारणं मोजकी आहेत. ती ठरलेल्या जाडीच्या खाली गेली, तिला तडा गेला, बोटाला लागतील अशा खोल चऱ्या पडल्या, किंवा ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग आणि पेडल थडथडतं. कमीत कमी जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेलाच असतो, गंज पुसला की दिसतो. मोजायला मायक्रोमीटर लागतो. त्याने तुमच्या डिस्कची जाडी मोजली का? चाक तरी काढलं का? तुमच्या पत्रात चाक काढल्याचं कुठेच नाही. चाक न काढता साडेचौदा हजार सांगणं म्हणजे डॉक्टरने दारातूनच 'ऑपरेशन' म्हणण्यासारखं आहे. आणि दोन्ही कॅलिपर एकदम खराब होणं सहा वर्षांच्या गाडीत सहसा घडत नाही. एखादा जाम होतो. त्याची खूण म्हणजे एका बाजूचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप जास्त झिजलेला दिसतो आणि ते चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापतं.

'मॅडम ब्रेक जास्त मारत असतील' हे वाक्य मी गॅरेजात शेकड्याने ऐकलंय आणि खरं सांगायचं तर तरुणपणी एक-दोनदा बोललोयही. त्याची लाज वाटते. तुमच्या बाबतीत तर ते साफ उलटं आहे, तुम्ही ब्रेक मारत नाही, कुरवाळता. पुढच्या वेळी गॅरेजात सर, म्हणजे तुमचे यजमान, मागच्या सीटवर बसून राहू देत, तुम्ही एकट्या उतरा आणि मेस्त्रीला शेजारच्या सीटवर बसवून स्वतः गाडी बाजारातून फिरवून आणा. आवाज त्याला स्वतःच्या कानाने ऐकू दे. मग म्हणा, पुढची दोन्ही चाकं काढ, चारही पॅड माझ्यासमोर ओळीने ठेव. अस्तर किती उरलंय ते बघा. दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली तर साधारण साडेतीन मिलिमीटर होतात. अस्तर तेवढंच उरलं असेल तर बदला, त्याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर पैसे घरी न्या. तुमचे तीन महिन्यांपूर्वीचे, म्हणजे भरपूर असणार. त्यांचं तोंड बघा. ते राखी, खरखरीत, पाटीसारखं दिसायला हवं. काचेसारखं चकचकीत दिसलं तर माझा अंदाज खरा. मेस्त्री लोक त्याला ग्लेज झाला म्हणतात.

धूळ उडवायला त्याने हवेची नळी उचलली तर मागे व्हा आणि त्यालाही थांबवा. जुन्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आजही स्वस्त मालात काय असेल सांगता येत नाही, आणि ती भुकटी छातीत जायला नको. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसू दे. हा क्लीनरही स्प्रेच्याच डब्यात येतो, पण तो उडून जातो, मागे तेल ठेवत नाही. शेजारच्या मुलाने बहुधा कुठेतरी हा डबा पाहिला असेल आणि दुसराच लक्षात ठेवला असेल.

आणि आता ती ओळ.

'घाट उतरतानासुद्धा चौथ्या गिअरवर, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरते.'

बाई, तुम्हाला वाटतं ही काळजी आहे. पॅड काचेसारखे होण्याचं कारण बहुतेक हेच आहे. अस्तरात सगळी भुकटी धरून ठेवायला राळेसारखा चिकट पदार्थ असतो. हलक्या पायाने सलग घासत राहिलं की तो तापतो, वर येतो, पृष्ठभाग कडक आणि गुळगुळीत होतो. मग बाजारात चुंई. बाजारातला आवाज म्हणजे घाटातल्या पायाची चहाडी आहे.

पण पॅड गुळगुळीत झाले तर फार तर लोक वळून बघतील. घाटात याहून वाईट होऊ शकतं, आणि ते होतं तेव्हा कसलाही आवाज होत नाही. कुंभार्लीच्या माथ्यावरून पोफळीला आलात की तुम्ही पाचशे मीटर खाली आलात असं धरू. हजार किलोची गाडी तेवढी खाली येताना जी शक्ती सुटते तिने पंधरा लिटर पाणी, म्हणजे आंघोळीची एक बादली, गारपासून उकळीपर्यंत तापेल. याच डोंगराच्या पोटातून कोयनेचं पाणी खाली पडतं आणि पोफळीच्या वीजगृहात त्याची वीज होते. तुमच्या गाडीच्या उतरण्याची वीज होत नाही, नुसती उष्णता होते. थोडी हवेच्या विरोधात जाते, थोडी टायरात. उरलेली इंजिनाने घ्यायची की ब्रेकने, हे तुमच्या गिअरवर ठरतं. चौथ्या गिअरमध्ये इंजिन जवळजवळ काहीच घेत नाही. मग ती जवळपास सगळी बादली तळव्याएवढ्या चार पॅडवर आणि मागच्या दोन ड्रमवर ओतली जाते, आणि पाय सतत ठेवल्यामुळे त्यांना गार व्हायला एक क्षण मिळत नाही.

याच्या जोडीला ब्रेक ऑइल. नावालाच ते ऑइल. त्यात ग्लायकॉलच्या जातीचं रसायन असतं आणि हवेतलं पाणी ओढून घेणं हा त्याचा स्वभाव. कोकणात त्याला ओढायला पाणी कमी पडत नाही. डॉट ३ चं ताजं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० अंशांपर्यंत खाली येतं. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की नळीत वाफ होते. द्रव दाबला तर जोर पुढे पोचवतो, वाफ दाबली तर ती नुसती दबते. पेडल स्पंजासारखं खाली जातं, कधी थेट तळापर्यंत. साखरप्याला घाट उतरून आलेल्या अशा गाड्या मी पाहिल्यात. चाकांतून जळक्या लायनरचा वास, आतल्या माणसांचे चेहरे पांढरे, आणि चालवणारा हमखास म्हणायचा, "ब्रेक तर अजिबात वाजत नव्हते हो."

तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल सहा वर्षांत कधी बदललंय का? बहुतेक ठिकाणी वरून भरतात आणि बिलात 'टॉप-अप' लिहितात. पॅड झिजत जातात तशी बाटलीतली पातळी हळूहळू खाली येणं हे नैसर्गिक आहे. भरून टाकलं की ती खूण पुसली जाते. एकदम खाली गेली तर मात्र गळती आहे. ब्रेक ऑइल पूर्ण बदलून, चारही चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या. कोणत्या नंबरचं घालायचं ते झाकणावर लिहिलेलं असतं. दर दोन वर्षांनी हे कराच. त्यात इंजिन ऑइल एक चमचाही जाता कामा नये, सगळी रबरं फुगतात.

घाट असा उतरा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. कुंभार्लीच्या वळणांवर दुसरा, जिथे उतार सौम्य तिथे तिसरा. गिअर माथ्यावरच घाला, वेग वाढल्यावर नको. इंजिन ओरडेल, सर म्हणतील काहीतरी बिघडलंय. काही बिघडलेलं नाही. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेतीन हजारांवर गेला तरी पेट्रोल इंजिनाला ते सहज झेपतं. ब्रेकवरचा पाय पूर्ण उचला. वेग वाढला की ठाम दाबा, दहा-पंधराने उतरवा आणि सोडा. पुन्हा वाढू दे, पुन्हा ठाम दाबा, सोडा. ठाम म्हणजे दचकून नव्हे, फळ्यावर तारीख लिहिताना हात जसा टेकतो तसा. तुमचा पाय सतत ब्रेकवर असतो तेव्हा मागचा लाल दिवाही सतत जळतो, आणि मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही खरंच कधी थांबताय ते कळत नाही, हा आणखी एक तोटा.

पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलला घाट उतरवणारे महाभाग तुमच्याही नात्यात असतील. त्यांना सांगा, आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना पेट्रोल बंदच करतात. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला ते जळतं. आणि चावी बंद करून उतरणाऱ्यांशी वाद घालू नका, फक्त त्यांच्या गाडीत बसू नका. इंजिन बंद असलं की दोन-तीन दाबांत ब्रेकची मदत संपते आणि पेडल दगड होतं.

कधी पेडल मऊ लागलंच तर भराभर तीन-चारदा मारा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. मग अर्धा तास नुसतं बसायचं. डिस्कवर पाणी ओतायचं नाही, लाल तापलेल्या बिडाच्या तव्यावर पाणी ओतल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

चकचकीत झालेले पॅड फेकायची गरज नाही. मेस्त्रीने त्यांचं तोंड पॉलिश पेपरवर घासून मोकळं करावं, डिस्कवरही हलका हात फिरवावा, पिना-क्लिपा-शिम वर सांगितल्यासारख्या कराव्यात, मागचे ड्रम उघडून साफ करावेत. मग पॅड डिस्कला बसवून घ्यायचे, नवी वहाण पायाला बसवतात तसे. हे काम कुणी तुम्हाला सांगितलं नसणार. रविवारी पहाटे, रस्ता कोरडा आणि मोकळा असताना, बहादूरशेख नाक्यावरून बाहेर पडा. आरशात मागे कुणी नाही ना बघा. पन्नासच्या वेगाला ठाम ब्रेक दाबून पंधरावर आणा, पूर्ण थांबू नका, सोडा, अर्धा किलोमीटर जाऊ द्या, पुन्हा. असं पंधरा-वीस वेळा. शेवटी काही किलोमीटर ब्रेक न लावता गार होऊ द्या. गरम पॅड एका जागी दाबून उभं राहिलं तर डिस्कवर त्याचा डाग उमटतो. थोडा वास येईल, येऊ दे. एवढं केल्यावरही बाजारात चुंई उरलीच तर पॅडचा मालच हलका आहे, तेव्हा गाडीच्या कंपनीचे किंवा तिला पुरवठा करणाऱ्याचे पॅड घ्या. बिल आणि जुने पॅड दोन्ही मागून डिकीत ठेवा.

पुढच्या वेळी कराडहून परत येताना दुसऱ्या गिअरवर घाट उतरा आणि पोफळीला चहाला थांबा. चहा सांगण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांजवळ हाताची पालथी बाजू न्या. हात लावायचा नाही, फक्त जवळ न्यायचा. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त गरम लागली तर त्या टायरवर खडूने फुली मारा आणि तीच बाजू मेस्त्रीला आधी उघडायला सांगा. डावी की उजवी, ते मलाही कळवा.